नाच्या, मावशी आणि नऊवारीतले पुरुष

तमाशात गण संपला की गवळण येते. दह्यादुधाचे माठ घेऊन गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवून दाण मागतात, आणि या गवळणींच्या पुढे असते मावशी. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. आवाज राकट, चाल ठसक्याची, हात कमरेवर. पदर सावरणं, मान वेळावणं, नाक मुरडणं असे बायकी म्हणून ओळखले जाणारे सगळे हावभाव ती दुपटीने मोठे करून दाखवते. आपण पुरुष आहोत हे ती लपवत नाही आणि आपण बाई आहोत हा हट्टही सोडत नाही. गवळणींच्या, कृष्णाच्या, पुढच्या रांगेत बसलेल्या पाटलाच्या तोंडून जे कधी निघालं नसतं ते ती बिनदिक्कत बोलते, आणि मांडव हसत सुटतो.

समलैंगिक संस्कृतीचे अभ्यासक एका विशिष्ट शैलीला ‘कॅम्प’ म्हणतात. तिची चर्चा न्यूयॉर्क, लंडन, माद्रिद, मेक्सिको सिटी या शहरांच्या संदर्भात होते. मला मात्र ठामपणे वाटतं की ही शैली आपल्याकडे बाहेरून यायची गरजच नव्हती. तमाशाच्या बोर्डावर, संगीत नाटकाच्या रंगपटात, कोकणातल्या शिमग्याच्या सोंगांत ती आधीपासून नांदत होती. भिवंडीजवळची वळ, दापोडे, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गावं आज गोदामांची गावं म्हणून देशभर माहीत आहेत, पण या आगरी पट्ट्यात अजूनही हळदीची रात्र नाचून जागवतात, आणि जत्रेला तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा आणायची रीत आहे. तिथे एखादा गडी डोक्यावर पदर घेऊन लावणीचा ठेका धरतो तेव्हा कुणालाही नवल वाटत नाही. नवल वाटतं, आणि पुढे राग येतो, तो त्याच गड्याचं चालणं-बोलणं दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच राहिलं तर. या दोन गोष्टींमधलं अंतर समजून घ्यायचं असेल तर कॅम्प म्हणजे काय हे आधी पाहावं लागेल.

१९६४ साली अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांनी ‘पार्टिझन रिव्ह्यू’ या नियतकालिकात कॅम्पवर ५८ टिपणांचा एक लेख लिहिला. तोवर ही गोष्ट बव्हंशी समलैंगिक पुरुषांच्या आपसातल्या बोलण्यात होती. या लेखाने ती साहित्यचर्चेत आणली. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की काही माणसांना अतिरेकात, नटवेपणात, उघड दिसणाऱ्या बनावटीत सौंदर्य दिसतं. मनापासून करायला घेतलेली, पण भावनेच्या भरात हद्द ओलांडून गेलेली कला त्यांना प्रिय असते. जुन्या सिनेमातली डोळे विस्फारून रडणारी नायिका, पिसांचा झगा, गाण्यातला नको इतका लांबवलेला उसासा अशा गोष्टींना ते हसतात. मात्र त्या हसण्यात तुच्छता नसते. ज्याला हसतात त्याच्यावर त्यांचा जीव असतो. काळ लोटला, फॅशन जुनी झाली, की जुन्या वैभवाच्या अवशेषांवर ही माया अधिकच जडते.

सोंटॅग यांनी ही शैली राजकारणापासून अलिप्त मानली. इथे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ एस्थर न्यूटन यांनी १९६० च्या दशकात शिकागो आणि कॅन्सस सिटी इथल्या स्त्रीवेषातल्या गायक-नटांमध्ये वावरून अभ्यास केला. त्यांचं ‘मदर कॅम्प’ हे पुस्तक १९७२ साली निघालं. त्यातून निघणारा मुद्दा असा: ज्याचं प्रेम कायद्याने गुन्हा ठरवलं आहे त्याला घरात, कामावर, रस्त्यात रोज ‘खऱ्या पुरुषा’ची भूमिका वठवावी लागते. आवाज खाली ठेवायचा, हात फार हलवायचे नाहीत, चाल ताठ ठेवायची. अशा माणसाला इतरांच्या आधी उमजतं की पुरुषपण हीसुद्धा एक शिकून घेतलेली भूमिका आहे, आणि बाईपण हीही. हे उमजलं की दोन्ही भूमिका मोठ्या करून दाखवता येतात. ज्या हावभावासाठी शाळेत मार खाल्ला तोच हावभाव रंगमंचावर दसपट करून दाखवायचा आणि टाळी घ्यायची, यात स्वसंरक्षण आहे आणि सूडही आहे.

स्पॅनिश भाषिक देशांत ही कल्पना कशी रुजली ते पाहण्यासारखं आहे, कारण तिथली वाट आपल्या वाटेच्या फार जवळून जाते. स्पेनमध्ये ‘कोपला’ नावाचा गाण्याचा प्रकार आहे. फसवली गेलेली, वाट पाहत झुरणारी, बदनाम झालेली बाई आपलं दुःख मोठ्या आवेशात गाते. या गाण्यांचा फार मोठा गीतकार राफाएल दे लेओन हा सेव्हियातल्या उमराव घराण्यातला समलैंगिक पुरुष होता. आणि कोपला गाजवणाऱ्यांत मिगेल दे मोलिना हा गायक होता. मोठ्या फुगीर बाह्यांचे भडक ब्लाउज ही त्याची खूण. १९३९ साली यादवी युद्ध संपून फ्रँकोची राजवट आली, तेव्हा त्या राजवटीच्या माणसांनी त्याला पळवून नेऊन जबर मारहाण केली. पुढे त्याला देश सोडावा लागला. तो अर्जेंटिनात राहिला आणि १९९३ साली तिथेच वारला. विरोधाभास असा की त्याच फ्रँको राजवटीने कोपलाला स्पेनचं राष्ट्रीय संगीत म्हणून डोक्यावर घेतलं. रेडिओवर तेच गाणं लागे. सरकारला त्यात स्पेनचं शील ऐकू येई आणि एखाद्या खेड्यातल्या एकाकी पोराला त्यात स्वतःची गोष्ट ऐकू येई. १९५४ साली भटके आणि गुंड यांच्यासाठीच्या कायद्यात समलैंगिकांचा समावेश झाला, १९७० साली ‘सामाजिक धोक्या’चा नवा कायदा आला. या सगळ्या काळात ती गाणी टिकून होती.

१९७५ साली फ्रँको मेला. त्यानंतर बार्सिलोनाच्या रांब्लास या गजबजलेल्या रस्त्यावर होसे पेरेस ओकान्या नावाचा चित्रकार बायकी पोशाखात, डोक्याला फुलं माळून, कोपला गात फिरू लागला. तो अँडलुसियातल्या कांतियाना गावचा. लहानपणी पाहिलेल्या देवीच्या मिरवणुका त्याच्या रक्तात होत्या. कागदाच्या लगद्याच्या मेरीमाता तो घडवी, त्यांना सजवी, त्यांची मिरवणूक काढी. यात चेष्टा किती आणि भक्ती किती हे वेगळं काढता येत नाही, आणि ते वेगळं काढू नये असंच मला वाटतं. १९७८ साली वेंतुरा पोन्स या दिग्दर्शकाने त्याच्यावर माहितीपट केला. त्याच वर्षी ओकान्याला रस्त्यावर अटकही झाली. १९८३ साली आपल्या गावच्या उत्सवात तो कागदी सूर्याच्या वेषात निघाला, फुलबाज्यांनी त्या वेषाला आग लागली आणि त्या भाजण्यातून तो पुन्हा उठला नाही. पेद्रो अल्मोदोवारच्या सिनेमांतली रंगांची उधळण, रडणाऱ्या नट्या आणि त्यांची नक्कल करणारे पुरुष याच मातीतून आले आहेत.

अटलांटिकच्या पलीकडेही असंच घडलं. कार्लोस मोन्सिवाईस या लेखकाने १९६० च्या दशकातच मेक्सिकोतल्या कॅम्पवर लिहिलं, आणि त्याने शोध घेतला तो आपल्याच देशातल्या गाण्यांत आणि रडक्या सिनेमांत. मानुएल पुईग या अर्जेंटिनाच्या कादंबरीकाराने १९७६ साली तुरुंगातल्या एका कोठडीत दोन माणसं एकत्र ठेवली: एक क्रांतिकारक आणि एक बायकी वळणाचा मोलिना. मोलिना रोज रात्री जुन्या सिनेमांच्या गोष्टी रंगवून सांगतो आणि त्या सांगण्यातूनच दोघं जगतात. ‘कोळीरूपी बाईचं चुंबन’ (कोळी म्हणजे जाळं विणणारा जीव) असा अर्थ होणारी ती कादंबरी जगभर वाचली गेली. चिलीचा पेद्रो लेमेबेल १९८६ साली, पिनोचेच्या हुकूमशाहीत, डाव्यांच्या सभेत उंच टाचांचे बूट घालून, चेहऱ्यावर विळा-हातोडा रंगवून उभा राहिला आणि त्याने आपलं निवेदन वाचलं. हुकूमशहाच्या शत्रूंनाही बायकी पुरुष नको होता, हे त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं. तो गरीब वस्तीतला होता. अमेरिकेतून आलेली पिळदार, गोरी, सुखवस्तू ‘गे’ प्रतिमा त्याने कधीच आपली मानली नाही.

आता आपल्याकडे येऊ. लावणीची घडण लक्षात घेतली तर कोपलाशी तिचं नातं दिसू लागतं. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर हे सगळे पुरुष. त्यांनी लिहिलेल्या असंख्य लावण्यांत बोलते ती बाई: विरहात जळणारी, रुसलेली, सख्याला दटावणारी. पेशवाईत फडावर ती लावणी नाचे तो ‘नाच्या पोऱ्या’, म्हणजे बाईच्या वेषातला मुलगा. आणि समोर बसलेले श्रोते पुरुष. म्हणजे पुरुषाने लिहिलेली बाईची इच्छा, पोराने बाई होऊन, पुरुषांसमोर मांडायची. या रचनेत कोण कुणाकडे पाहून काय म्हणतं आहे याचे इतके पदर आहेत की तिला सरळ स्त्री-पुरुष शृंगार म्हणून मोकळं होता येत नाही. पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभी राहिली, बायका बोर्डावर आल्या आणि नाच्या पोऱ्याची जागा बदलली. तो बाईच्या वेषातून बाहेर आला, पण बाईपण त्याच्या अंगात राहिलं. तोच आपल्याला माहीत असलेला नाच्या.

लावणीतली अदा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुन्हा पुन्हा घेतली जाते. पहिल्यांदा ती लाडाने येते, मग तक्रारीने, मग टोमणा म्हणून, मग नुसत्या भुवईने. शब्द तेच, अर्थ दर वेळी निराळा. यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावंत त्यासाठीच थोर मानल्या गेल्या. ज्याला आयुष्यभर एक बोलून दुसरं सुचवावं लागलं आहे त्याला ही कला आपली वाटली तर त्यात आश्चर्य नाही. ऐकणाऱ्यांतल्या दोघांनाच कळेल असं चारचौघांत बोलणं, हे लावणीचं कसब आहे आणि लपून जगणाऱ्या माणसाचंही.

पुरुषाने बाईच्या आवाजात बोलणं आपल्याकडे हीन मानलं गेलं नव्हतं, याचा एक पुरावा भक्तिपरंपरेत आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं आणि गवळणी रचल्या, त्यांतल्या कित्येकांत बोलणारी बाई आहे, आणि आजही भारुडकार लुगडं नेसून ती सादर करतात. सिंधुदुर्गाच्या दशावतारात स्त्रीपात्रं पुरुषच करतात आणि गावच्या देवळासमोर करतात.

बालगंधर्वांना मात्र मी कॅम्पमध्ये धरणार नाही. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) यांनी ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू उभी केली ती पूर्ण श्रद्धेने. तिथे अतिरेक नव्हता. उलट शालीन स्त्रीचं आदर्श रूप होतं, इतकं की घरंदाज बायकांनी त्यांच्याकडून साडी नेसायची, गजरा माळायची पद्धत उचलली. पुढे प्रत्यक्ष स्त्रिया रंगभूमीवर आल्या, बोलपट आले, कर्ज वाढलं, वय वाढलं, आणि साठीकडे झुकलेला देह तरुण नायिका होत राहिला. त्या उतरत्या काळातल्या संगीत नाटकात काहींना केविलवाणेपणा दिसला. काहींना त्यातच काळीज हलवणारं काही दिसलं. ही दुसरी नजर कॅम्पची.

ती नजर मराठीत एका माणसाने पूर्ण ताकदीने कागदावर उतरवली: सतीश आळेकर. त्यांचं ‘बेगम बर्वे’ १९७९ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने केलं, चंद्रकांत काळे बर्वे झाले. संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकून जगणारा, श्यामरावाच्या मुठीत सापडलेला एक म्हातारा नट. तिकडे जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून, ऑफिसच्या नीरस आयुष्यात बाईची स्वप्नं पाहणारे. बर्वे त्यांच्या स्वप्नात शिरतो, जावडेकरची बायको होतो, त्याला दिवस जातात, डोहाळे लागतात, आणि हे सगळं नाट्यपदांच्या साथीने. प्रेक्षक हसतो, आणि हसता हसता घशात काही अडकतं. बर्व्याच्या जवळ असलेलं एकमेव धन म्हणजे ती उसनी गाणी आणि ते उसनं बाईपण. ते खोटं आहे हे त्याला ठाऊक असावं, तरी तो ते प्राणपणाने जपतो. आळेकरांनी हे नाटक समलैंगिकतेवरचं नाटक म्हणून लिहिलं असं मी म्हणत नाही. पण पुईगचा मोलिना आणि आळेकरांचा बर्वे हे दोघं तीनच वर्षांच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन टोकांना, एकमेकांची गाठभेट नसताना जन्मले. दोघंही जुन्या मेलोड्रामावर जगतात, दोघांनाही बाई म्हणून प्रेम हवं आहे. जगातल्या कॅम्पच्या कोणत्याही यादीत ‘बेगम बर्वे’ला जागा मिळाली पाहिजे, आणि मराठी वाचकाने ती हक्काने मागितली पाहिजे.

याच्या शेजारी आपण ज्या विनोदाला सरावलो आहोत तो ठेवून पाहावा. आचार्य अत्र्यांची ‘मोरूची मावशी’, १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’, टीव्हीवर ‘चला हवा येऊ द्या’मधले साडीतले नट. हे सगळं मलाही आवडतं. विजय चव्हाणांची मावशी किंवा लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती पाहताना हसू आवरत नाही. पण या विनोदाची एक अट असते. साडीच्या आत ‘अस्सल पुरुष’ आहे याची प्रेक्षकाला खात्री हवी. शेवटी साडी उतरते, नायकाला नायिका मिळते, सगळे सुखरूप घरी जातात. साडी उतरल्यावरही ज्याचं बाईपण उतरत नाही, त्याच्यासाठी या विनोदात जागा नाही.

गणपत पाटलांना याची किंमत मोजावी लागली. कोल्हापूरच्या या गुणी नटाने मराठी तमाशापटांत नाच्या असा काही रंगवला की त्यांचं ‘आत्ता गं बया’ घराघरात पोचलं. टाळीची नेमकी वेळ, मानेचा झटका, वाक्याच्या शेवटी हळूच खाली येणारा आवाज. ही बारकाईने घडवलेली कारागिरी होती. प्रत्यक्षात ते संसारी गृहस्थ. पण लोकांनी भूमिका आणि माणूस यांत फरक केला नाही, आणि त्याचा त्रास त्यांना व घरच्यांना झाला. २००८ साली ते गेले. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतला, आणि १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या सिनेमातला गुणा कागलकर हाच प्रश्न अंगावर घेतो. पहिलवानी देहाचा, राजाची भूमिका करायची हौस असलेला शेतमजूर फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो. बोर्डावर त्याला टाळ्या मिळतात, आणि बोर्डाखाली अत्याचार. अतुल कुलकर्णींनी त्यासाठी आपलं शरीर अक्षरशः बदललं. सिनेमातल्या लावण्या सगळ्यांच्या ओठांवर आल्या; गुणाचं दुःख तितकं लक्षात राहिलं नाही याची मला खंत वाटते.

दुसऱ्या बाजूला मराठीतलं समलैंगिकतेवरचं गंभीर लेखन मुद्दामच साध्या, संयत आवाजात उभं राहिलं. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली आलं. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली आली. १९९० साली अशोक राव कवी यांनी मुंबईतून ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं, १९९४ साली हमसफर ट्रस्ट उभा राहिला, पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापला आणि मराठीतून सातत्याने लिहिलं. समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो काढून घेतला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी अखेर प्रौढांमधला संमतीचा संबंध गुन्हा राहिला नाही. एवढी लढाई चालू असताना ‘आम्ही तुमच्यासारखेच आहोत’ हे सांगणं गरजेचं होतं, हे मी समजू शकतो. पण त्या वाक्याच्या सावलीत बायकी मुलगा मागे ढकलला गेला. मिरवणुकीत भडक कपडे नकोत, डेटिंगच्या अ‍ॅपवर ‘मर्दानी असशील तरच बोल’, बायकी मुलाला ‘कोती’ म्हणून हिणवणं, हे समलैंगिक पुरुषांनीच समलैंगिक पुरुषांशी केलं आहे. स्पेनमध्येही हेच घडलं. तिथे बायकी वळणाला ‘प्लुमा’ म्हणजे पीस म्हणतात, आणि २००५ साली लग्नाचा हक्क मिळाल्यावरही पिसं असलेल्या माणसाला स्वतःच्याच लोकांत खालचा दर्जा मिळतो यावर तिथले कार्यकर्ते बोलत राहिले. हक्क मिळणं आणि वळण स्वीकारलं जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईत २००८ पासून ‘क्विअर आझादी’ची मिरवणूक निघते, पुण्यात २०११ पासून. त्यांत नऊवारी, नथ, बुगडी, हिरवा चुडा ल्यालेले पुरुष दिसतात. पुरुषांनीच लावण्या सादर करायचा ‘बिनबायकांचा तमाशा’ मुंबईच्या रंगमंचावर झाला. भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ या २०१४ च्या पुस्तकातून, आणि सावित्री मेधातूल यांच्यासोबतच्या त्याच नावाच्या प्रयोगातून, लावणी करणाऱ्या बायकांचं जग आणि त्यांची कला मध्यमवर्गीय प्रेक्षकांपर्यंत नेली. शकुंतलाबाई नगरकरांची अदा त्यामुळे पुष्कळांनी पहिल्यांदा समोरून पाहिली. समलैंगिक पुरुषांनी लावणीवर केलेलं प्रेम मला मोलाचं वाटतं, कारण त्यात टवाळी नाही. साडीच्या निऱ्या कशा पडल्या पाहिजेत, घुंगरांचं वजन किती असावं, सुलोचना चव्हाणांनी एखादा शब्द कुठे तोडला, यावर ते तासन् तास बोलतात.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. तमाशा आणि संगीत बारी, म्हणजे बायकांचे लावणीचे फड, उभे केले ते प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या माणसांनी, आणि त्यांच्यासाठी हा नटवेपणा पोटाचा व्यवसाय होता. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणीवर लिहिताना जातीचा हा प्रश्न ठळकपणे मांडला. शहरातला सुशिक्षित तरुण मिरवणुकीसाठी नथ घालतो आणि संध्याकाळी काढून ठेवतो. फडातल्या नाच्याला ती सोय नसते. लेमेबेलने अमेरिकन ‘गे’ प्रतिमेला जो प्रश्न विचारला तोच इथे विचारायला हवा: हा आनंद कुणाच्या कष्टांवर उभा आहे, आणि त्यातलं काय त्यांना परत मिळतं? ज्यांच्याकडून अदा घेतली त्या कलावंत बायकांना मंचावर बोलवावं, मानधन द्यावं, त्यांचं नाव घ्यावं. कोरगावकर-मेधातूल यांचं काम मला याच कारणासाठी आदर्श वाटतं.

आता ही शैली मोबाइलवर आली आहे. गोदामांच्या गावांत हमाली करणारा, ट्रकवर क्लीनर असलेला, कॉलेजात जाणारा मुलगा खोलीचं दार लावून लावणीचा व्हिडिओ करतो. खाली कौतुक येतं, तितक्याच शिव्याही येतात. त्या मुलाला ओकान्या माहीत असण्याचं कारण नाही, बर्वेही कदाचित माहीत नसेल. पण त्याच्या मनगटातली ती लकब दोनशे वर्षांच्या फडातून आली आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

दोन कामं तातडीची आहेत. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या जत्रा कमिट्या सुपारी द्यायला तिथे येतात. सिनेमाच्या गाण्यांच्या रंगबाजीत गवळण आखडत चालली आहे. सुपारी देणाऱ्यांनी गवळण पूर्ण करायला सांगावी, फडमालक ती आनंदाने करतील. आणि लोककलेच्या अभ्यासकांनी, विद्यापीठांच्या विभागांनी, नाच्या आणि मावशी केलेल्या वयस्क कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. तमासगिरिणींवर जसं लेखन झालं तसं या पुरुषांवर झालेलं नाही, आणि त्यांच्यातले बरेच आता थकले आहेत.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत, आईबाप आहेत, त्यांना एक सांगणं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखाद्या मुलाला लावणी करायची असेल तर त्याला हसून बसवू नका, आणि विनोदी आयटम म्हणूनही उभं करू नका. ढोलकीचा ठेका आणि अदा नीट शिकवणारं माणूस त्याला शोधून द्या.